कुंभारणीच्या घराला कुलूप

पाऊस ओसरला, वखारीपुढचा चिखल वरून सुकला आणि आतून मऊ राहिला, की माझं डोकं तापायला लागतं. लोक ऑक्टोबरच्या उन्हाला दोष देतात. माझा ताप उन्हाचा नाही. त्या मऊ चिखलावर बारीक कमरेची एक माशी उतरते, जबड्यानं मातीची मिऱ्याएवढी गोळी करते आणि ती घेऊन माझ्या लाकडांत शिरते. तिला बघितलं की हातातलं काम हातातच राहतं. मी कामगारांवर ओरडते. ते एकमेकांकडं बघतात आणि समजून घेतात, की आक्कांचा कुंभारणीचा महिना आला.

आमच्याकडे तिला कुंभारीण म्हणतात. नावाप्रमाणे ती मडकी घडवते, लिंबाएवढी, गळा काढलेली, तोंडाला बाहेर वळलेला काठ असलेली. उचगावात चाकावर काम करणारे कुंभार आता फारसे राहिले नाहीत, पण ही बाई दरवर्षी नेमानं येते. चाक नाही, भट्टी नाही, गिऱ्हाईक नाही. मडकं झालं की आत दोऱ्यानं टांगावं तसं एक अंडं लटकवते, मग लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. पोराचं तोंडसुद्धा बघत नाही. पूर्वी मला वाटायचं, काय निर्दय आई. आता वाटतं, बरी. काम चोख करून बाजूला झाली. आम्ही बाजूला होत नाही म्हणून तर इतकी भांडणं.

माझी वखार हायवेपासून आत, उचगावच्या टोकाला आहे. ती मला कुणी दिलेली नाही. नवऱ्याला भजनाचं वेड होतं, घरात टाळ भरपूर आणि तांदूळ कमी. तेव्हा मी कारखान्यांच्या दारात जाऊन, परदेशी यंत्रं ज्यातून येतात ती लाकडी खोकी विकत घ्यायला लागले. खोकी फोडायची, फळ्या वेगळ्या, खिळे वेगळे. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे आणि तेही विकायचे. 'खोकेवाली' म्हणत मला. म्हणणाऱ्यांच्या पोरांच्या लग्नातली कपाटं पुढं माझ्याकडच्या सागवानाची झाली. सागवानाचे ओंडके आता जगभरातून येतात, आफ्रिकेतून, पार अमेरिकेच्या पोटातल्या गरम देशांतून. दलाल कागदावर काहीही लिहितो. मी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर थुंकी लावून अंगठा फिरवते, वलयं किती दाटीनं बसलीत ते बघते, भुसा नाकाला लावते. चांगल्या सागाला ओल्या चामड्यासारखा वास असतो, कोल्हापुरात तो वास नव्यानं शिकवावा लागत नाही. मग मी सांगते लाकूड कुठलं ते. तेलपाणी करून रंग चढवलेल्या मालाला मी आजवर फसले नाही. आणि एका देशाचा साग दुसऱ्या देशाच्या नावानं मी कधी विकलेला नाही. कुणी तसं म्हणालंच तर पुरावा घेऊन समोर यावं, खुर्ची देते.

हे सगळं सांगायचं कारण माझी सून, स्नेहल. गडहिंग्लजची. प्राणिशास्त्र शिकलेली, आणि त्यातही माश्या. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी ही गोष्ट फार हळू आवाजात सांगितली होती. मी म्हटलं, "असू दे की. आमच्याकडं लाकडाला वाळवी असतीच, उपयोग होईल." ते हसले नाहीत. तीही हसली नाही. हातातला चहा खाली ठेवून म्हणाली, "वाळवी वेगळी, माझं काम वेगळं." तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ही पोरगी एका पैशानंही खाली उतरणारी नाही.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास मी वखारीत आले तर आरा बंद होता आणि कामगार घोळका करून उभे होते. स्नेहल एका ओंडक्यापुढं गुडघ्यावर बसली होती, डोळ्याला भिंग लावून.

"आक्का," आरा चालवणारा तुकाराम म्हणाला, "वहिनी लाकडाशी बोलायला लागल्यात. लाकूड अजून काय बोललं न्हाय."

"तू बोलू नगस. आरा चालू कर."

"हा ओंडका आरीला लावू नका," स्नेहल मागं न बघता म्हणाली.

माझ्या वखारीत, माझ्या माणसांसमोर, मला 'नका' म्हणणारं माणूस तोवर जन्मलं नव्हतं. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी पुढं वाकून बघितलं. सालीच्या खोबणीत तीन मडकी चिकटलेली. एकाला भोक पडलेलं, दोन बंद. सकाळी त्या भोकातून बाहेर आलेली माशी स्नेहलनं बघितली होती. फोटो काढेपर्यंत ती उडाली. फोटोत आला तो तपकिरी काळा ठिपका आणि एक पिवळी रेघ.

"कुंभारीण हाय," मी म्हटलं.

"कुंभारीण हायच, आत्या. पण कुठली?"

आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. शब्द मायेचा आहे, पण त्या दिवशी तो मला ठोक्यासारखा लागला. कारण प्रश्नाच्या पलीकडचं मला लगेच दिसलं. तो ओंडका अमेरिकेकडच्या मालातला होता. नुकताच उतरला होता, आणि त्याच्याबरोबर आलेला सगळा माल अंगणात रचलेला होता. दिवाळीनंतर लग्नसराई आणि वास्तुशांती. आमचा वर्षाचा धंदा त्या दोन-तीन महिन्यांत होतो, आणि त्या वर्षी मी हातातलं सगळं त्याच मालात घातलं होतं. मडकी इथल्या माशीची असतील तर काही प्रश्न नाही, ब्रशनं झाडून टाकायची. पण माशी लाकडातून तिकडूनच आलेली असेल, तर सरकारी तपासणीवाले येणार, माल झाकणार, धुरी देणार, आणि सोडतील तेव्हा सोडतील. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. वर बाजारात बोंब, की आक्कांच्या सागाला परदेशी कीड.

त्या दिवशी जेवणानंतर आम्ही दोघी समोरासमोर बसलो. माझा मुलगा विशाल मध्ये बसला होता आणि ताटातल्या मिठाशी खेळत होता. दोन बायका भाव करत असताना मध्ये बोलू नये, एवढं त्याला मी शिकवलं आहे.

स्नेहलनं समजावून सांगितलं. बारीक कमरेच्या कुंभारणी पूर्वी एकाच ढिगात पडल्या होत्या. मग जाणकारांनी ढीग निवडायला घेतला, अंगाच्या बारीकसारीक ठेवणीवरून वेगवेगळी कुळं केली. आपल्याकडं ज्या सर्रास दिसतात, त्यांच्या एका कुळाचं नाव डेल्टा. आणि तिकडं गरम अमेरिकेत असतं त्या एका छोट्या कुळाचं नाव झेटा.

"झेटा? हे काय स्कूटरचं नाव हाय व्हय?"

"कुळाचं हाय. मला ती झेटा वाटत्या."

"वाटत्या म्हंजे? खात्री हाय?"

"न्हाय. म्हणून तर थांबायला पाहिजे. बंद मडक्यातनं माशी बाहेर येऊ दे. नर आला तर फारच चांगलं, त्याच्या मिशीच्या टोकावरनं पक्कं होतं."

"मग तवर डेल्टा म्हण की."

"असं म्हणता येत न्हाय, आत्या."

"का येत न्हाय? तुला खात्री न्हाय, मला खात्री न्हाय. मग जे घराच्या फायद्याचं हाय ते म्हणावं."

तिनं ताट बाजूला सारलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही अंगठा लावायच्या आधी लाकडाचं नाव सांगता?"

विशालनं मीठ सोडलं आणि तो हात धुवायला उठला.

मला राग आला, पण रागातही मला बरोबर मोजता येतं. समोरच्याकडं मुद्दा असला की मी तो नाकारत नाही, त्याची किंमत करते. मी म्हटलं, ठीक आहे, सौदा करू. माशी बाहेर येईपर्यंत तू कुणाला फोन करायचा नाही, तुझ्या विद्यापीठातल्या सरांनाही नाही. मी त्या मालातला एकही ओंडका विकायचा नाही, आरीला लावायचा नाही. माशी डेल्टा निघाली तर तू हा विषय परत काढायचा नाही. झेटा निघाली तर तपासणीवाल्यांना मी स्वतः फोन करीन.

आमच्या वखारीत सौदा ठरला की दोघांनी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तळहात टेकायचे. ही चाल मीच पाडली. कागदावर सही करून फिरलेली माणसं मी पुष्कळ बघितली, लाकडावर हात ठेवून फिरलेलं एकही नाही. आम्ही त्याच ओंडक्यावर हात टेकले. तिचा हात गार होता. मग तिनं मडक्यांवर माझी पिठाची चाळण पालथी घातली आणि तारेनं बांधून टाकली.

त्यानंतरचे दिवस मला आजही अंगावर येतात. ऊन तापत होतं, गुऱ्हाळं पेटली होती, काकवीचा गोड वास वाऱ्यावर येत होता, आणि त्या वासात मी एका मातीच्या गोळीची चाकरी करत होते. हुपरीचे चांदीवाले गिऱ्हाईक तेव्हा रोज फोन करायचे. पैंजणांच्या धंद्यावर त्यांनी नवं घर बांधलं होतं, मुख्य दरवाजा आणि सगळ्या चौकटी माझ्याकडून घ्यायच्या ठरल्या होत्या. एकदा स्वतःच आले. रचलेल्या मालाकडं हात करून म्हणाले, "आक्का, माल तर समोर हाय. कुणासाठी राखलाय?"

"वाळू द्या की पावणं. ओलं लाकूड देऊन तुमच्या दाराला फट पाडू?"

"चाळण का बांधलीया त्या लाकडाला? दळणाचं काम पण घेतलंय का?"

मी हसले.

मडक्यातून आवाज येत नाही. कान लावून बघितलं, काही नाही. आत जीव आहे की वाळून गेला, कळायला मार्ग नाही. आणि जो जीव दिसत नाही, तो मारणं किती सोपं. एका दुपारी मी एकटी होते. हातात लाकूड तासायची पटाशी होती, कशासाठी घेतली होती कोण जाणे. चाळणीपुढं उभी राहिले. एक ढोसणी, आणि माती खाली. कामगारांनी केलं म्हटलं असतं, उंदरानं केलं म्हटलं असतं. मग माझी नजर ओंडक्याच्या तोंडावर गेली, जिथं हात टेकले होते तिथं. मी पटाशी कमरेला खोचली. वळले तर फाटकात स्नेहल उभी. तिनं पटाशी बघितली होती. ती वळून निघून गेली. आयुष्यात एकदाच मी गप्प बसले, आणि त्याचीच किंमत जास्त बसली.

दोन दिवसांनी मी बाजारातून परत आले तर चाळण बाजूला, स्वच्छ, ओंडक्याला टेकवून ठेवलेली. आणि मडकी नाहीत. सालीवर नुसते खरवडलेले डाग.

स्नेहल तिथंच उभी होती. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते आणि मोकळी झाले असते. पण ती हळू म्हणाली, "आत्या, सांगायचं तरी होतं. नको म्हणून. मी थांबवलं नसतं तुम्हाला."

"मी हात लावलेला न्हाय."

"बरं."

त्या 'बरं'ची धार मी सांगू शकत नाही. मी धंद्यात शिव्या खाल्ल्या आहेत, एकदा तर अंगावर दगड आला आहे. पण 'बरं' म्हणून कुणी मला खोटं ठरवलं नव्हतं. आणि तेही जगात ज्या एका गोष्टीवर मी उभी आहे, त्या हात टेकून दिलेल्या शब्दावरून. मी वखारीतल्या एकेकाला उभं करून विचारलं. भुशाच्या ढिगात हात घातले. तुकाराम म्हणाला, "सकाळी हौसाक्का आलती. मातीचं कायतरी न्हेलं. तुम्हीच न्ह्या म्हणून सांगितल्यालं की, म्हणली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

हौसाक्का आमच्या मागच्या गल्लीतली. पोरांना गालगुंड झालं, की कुंभारणीच्या घराची माती कालवून गालावर लेप द्यायचा, हे तिचं औषध. आणि गेली कितीतरी वर्षं ती माती माझ्याच वखारीतून जाते. मीच तिला सांगून ठेवलं होतं, दिसेल तिथली काढून नेत जा, मला झाडायचं काम वाचतं. आम्ही सासूसुनेनं सगळ्या जगाचा विचार केला, तपासणीवाल्यांचा, गिऱ्हाइकांचा, विद्यापीठाचा. गल्लीतल्या गालगुंडाचा कुणी केला नाही.

मी चप्पल न घालता गेले. दारात तिची नात बसली होती, दोन्ही गाल लाल मातीनं लिंपलेले. एवढा लांबचा प्रवास करून आलेली माती, आणि ती पोर गालावर घेऊन पेरू खात होती.

"हौसाक्का! माझ्या चाळणीखालची माती तू न्हेलीस?"

"न्हेली की. पर चाळण न्हाय न्हेली, बाई! टेकवून ठिवली बाजूला. चोर हाय व्हय मी?"

"आत किडा होता ना गं!"

"अळी व्हती. कोंबडीला टाकली. गलेलठ्ठ व्हती बघ, कोंबडी अजून चोच पुसत्या."

मी मटकन पायरीवर बसले. हौसाक्का घाबरली. "आगं, एवढं काय झालं? एका गालगुंडाला दोन मडकी कुठं लागत्यात? एक ठिवलंय की उद्याच्या लेपाला." आणि तिनं फडताळातून नारळाची करवंटी काढली. करवंटीत ते मडकं होतं. अख्खं, बंद, काठासकट.

त्या घरापासून वखारीपर्यंतचा रस्ता मी करवंटी दोन्ही हातांत धरून चालले. वाटेत गटार होतं. उघडं, वाहतं. मी थांबले नाही असं सांगितलं तर खोटं होईल, पाय क्षणभर थबकले. माझ्या हातात माझा सगळा हंगाम होता, आणि तो हंगाम बुडवणारा साक्षीदारही मीच घेऊन निघाले होते. आता मडकं हरवलं तर कुणी जास्तीचा संशय घेणार नव्हतं, कारण संशय आधीच घेऊन झाला होता. उलट याचाच मला संताप आला. ज्या चोरीचा आळ बसला आहे ती करून मोकळं व्हावं, इतकं सोपं माणूस मी नाही.

मी करवंटी स्नेहलच्या हातात दिली. हौसाक्काचं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मडक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आत गेली, बरणीत ठेवून बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी स्वतःच्या कपाटात ठेवली. आणि कपाटाला कुलूप लावलं.

तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. बारीकसा खटका. हे घर मी बांधलं. त्या कपाटाचं लाकूड मी निवडलं, ते कुलूपही माझ्याच पैशाचं. आणि ते माझ्यापासून जपायला लावलं होतं.

पुढचं लवकर झालं. मडक्यावर एका सकाळी ओला डाग उमटला, आतून कुणी माती भिजवत होतं. डाग मऊ झाला, भोक पडलं, आणि दोन मिश्या बाहेर आल्या. नर होता. फ्रीजमध्ये गार करून निपचित केल्यावर स्नेहलनं तो भिंगाखाली घेतला आणि मला शेजारी बसवलं. ओळखायची रीत माझ्या धंद्यासारखीच निघाली. प्रत्येक पायरीला दोन विधानं, हे किंवा ते. हे असेल तर पुढं इकडं, ते असेल तर तिकडं. दोन्हीच्या मधलं काही चालत नाही. मी दर पायरीला घासाघीस करून बघितली.

"हा कमरेचा देठ डेल्टासारखा न्हाय का?"

"न्हाय. रुंदी बघा."

"रंग तर आपल्याकडच्यांसारखाच वाटतोय."

"रंगावर जाऊ नका, आत्या. रंग फसवतो."

लाकडाबद्दलचं माझंच वाक्य मला परत मिळालं. देठाचा उतार, पोटाच्या दुसऱ्या वलयाचा काठ, मिशीचं टोक. एकेक पायरी माझ्या अंगणातल्या रचलेल्या मालावरून चालत गेली आणि शेवटच्या पायरीवर झेटा उभी होती. तिनं मान वर केली. तिच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मी मान्य करते.

मी उठले आणि फोन केला. स्वतः, ठरल्याप्रमाणे.

मग निळ्या ताडपत्र्या आल्या, धुरी आली, वखारीपुढं दोरी बांधली गेली. दुसरी माशी सापडली नाही. माल सुटेपर्यंत लग्नसराई सरली होती आणि हुपरीच्या पाहुण्यांच्या घराला दुसऱ्याच वखारीचा दरवाजा लागला होता. उभं राहायला मला पुढचं सगळं वर्ष लागलं. स्नेहलच्या सरांनी तिचं कौतुक केलं. माणसं घरी आली, मी चहा केला. एवढंसं मडकं कसं ओळखलं, कसं जपलं, सगळं विचारलं. हौसाक्काच्या फडताळातून ते कुणी आणलं, हे कुणी विचारलं नाही आणि स्नेहलनं आपणहून सांगितलं नाही. नुकसानीचं मी कधीच काढलं नाही. सौदा होता, सौद्यात खोट येते. पण त्या कुलपाचं मला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. माफी मागायला तिची जीभ वळत नाही आणि मागून घ्यायला माझी. त्यानंतर आम्ही एकमेकींशी व्यवस्थित वागतो. व्यवस्थित वागणं ही फार थंड गोष्ट आहे.

यंदाही चिखल सुकला. अंगणात पुन्हा त्याच देशाचा माल आहे, कारण स्वस्तात चांगलं लाकूड तिथलंच मिळतं आणि भिऊन धंदा होत नाही. हुपरीचे पाहुणेही परत आले, धाकट्या भावाच्या घरासाठी. आणि गेल्या आठवड्यात एका ओंडक्याच्या टोकाला मला मडकं दिसलं. एकच, बंद. या वेळी मीच स्नेहलला हाक मारली. तिनं सुरीनं ते अलगद सोडवलं आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून फडकं बांधलं. तिला गडहिंग्लजला निघायचं होतं, तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. हातात पिशवी, बाहेर विशाल गाडी चालू करून उभा, एसटी चुकायची वेळ. तिनं बरणी माझ्या टेबलावर ठेवली. शेजारी भिंग.

"कपाटात न्हाय ठेवायची?" मी विचारलं. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला होता.

"कशाला?" म्हणाली, आणि गेली.

काल दुपारी कामगार जेवायला बसले होते. मडक्यावर ओला डाग दिसला. मी हिशेबाचं काम बाजूला सारलं आणि बसून राहिले. भोक पडलं, मिश्या आल्या, मग डोकं, मग ती सगळी बाहेर आली आणि बरणीच्या काचेवर चढली. काळी तपकिरी, वर पिवळी रेघ. तीच. खिडकी उघडी होती. फडक्याची गाठ सैल होती. आणि घरात मी सोडून कुणी नव्हतं.

रंगावर जाऊ नका, आत्या.

मी बरणी उजेडात धरली आणि भिंग लावलं. कोपर टेबलाला टेकवलं. कमरेचा देठ बघितला. त्याचा उतार बघितला. दुसऱ्या वलयाचा काठ बघितला. ती फिरली तसं बरणी फिरवून परत पहिल्यापासून बघितलं. हे किंवा ते, हे किंवा ते. तिसऱ्यांदा बघितल्यावर मी भिंग खाली ठेवलं. डेल्टा होती. आपल्या चिखलातली, आपल्या उन्हातली, उचगावची कुंभारीण.

आनंद व्हायच्या आधीच मला दुसरं सुचलं. मी हे कुणाला सांगणार? परदेशी निघाली असती तर माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, कारण त्यात माझं नुकसान होतं. पण खरं आणि माझ्या फायद्याचं एकच निघालं, तर त्या खऱ्याला काय भाव? पटाशी कमरेला खोचलेल्या बाईच्या खऱ्याला?

मी फोन लावला.

"आली बाहेर," मी म्हटलं.

"काय हाय?" मागं दवाखान्याचा गलका ऐकू येत होता.

"डेल्टा."

मी 'बरं' ऐकायची तयारी केली. दात घट्ट मिटले.

"मग सोडून द्या की," स्नेहल म्हणाली.

"आगं, सोडून कशी? फ्रीजमध्ये ठेवते. तू आल्यावर भिंगातनं बघ, तपास, तुझ्या सरांना दाखव. उगं मागनं..."

"कशाला, आत्या? तुम्ही बघितलंय न्हवं?"

आतून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

मी बरणीचं फडकं सोडलं. ती काठावर येऊन बसली, पंख लांबीत दुमडून घेतले, तोंडावरून पाय फिरवले. तिला घाई नव्हती. अंगणात तुकारामानं आरा चालू केला, सागाचा वास आत आला. मी टेबलावर हात टेकला होता, तळहात पूर्ण पालथा, सौदा ठरल्यावर टेकतात तसा. ती खिडकीतून उडाली आणि वखारीपुढच्या ओल्या मातीवर जाऊन बसली.